शिट्टी कुणी दिली हिला?

"तिला हे रेफरीचं सोडून द्यायला सांगू का, एवढंच सांगा मॅडम." समोर बसलेल्या आईने पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न तीनदा विचारला. शेजारी मुलगी. वय सोळा. बाह्या ओढून बोटं झाकून बसलेली.

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता. फुटबॉल आवडणारी मुलं स्वतः खेळता खेळता लहान गटांच्या सामन्यांना रेफरी म्हणून उभी राहायला लागतात. थोडा हातखर्च सुटतो, अंगावर जबाबदारी येते, आईवडिलांना कौतुक वाटतं. मग एखाद्या दिवशी मूल मैदानावरून येतं, थेट खोलीत जातं आणि दार लावून घेतं. हा अनुभव कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

झालं होतं ते असं. बारा वर्षांखालच्या मुलांचा सामना, बरोबरीत चाललेला. रेफरी ही एकटीच, रेषेवर झेंडा घेऊन कुणी नाही. शेवटच्या मिनिटांत गोल झाला आणि हिने ऑफसाइड दिला, म्हणजे पास गेला त्या क्षणी पुढचा खेळाडू शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे होता म्हणून गोल नाकारला. बाहेर आरडाओरडा सुरू झाला. सामना संपल्यावर एका पालकाने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला: "बघ, नीट बघ, कुठे आहे ऑफसाइड?" त्यानंतरच्या दोन सामन्यांना ती पोट दुखतंय म्हणून गेली नाही. रात्री झोप लागत नव्हती. डोळे मिटले की तोच गोल दिसायचा.

व्हिडिओबद्दल ऐकल्यावर मी घाई केली. तिला बरं वाटावं म्हणून टेबलावर पेनं मांडून ऑफसाइडची भूमिती दाखवायला लागले. रेषेवरचा माणूस शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबर समांतर नसेल, तर तिरक्या कोनातून दोन खेळाडूंमधलं अंतर फसवं दिसतं. पुढचा मागे वाटतो, मागचा पुढे. २००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात डच संशोधकांनी दाखवलं होतं की ऑफसाइडच्या चुका कशा होतात हे समजायला सहायक रेफरी कुठे उभा होता ते बघावं लागतं. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या पालकाच्या मोबाइलला कोनाचा नियम लागू नाही का? तो व्हिडिओ तरी खरा कशावरून?

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण मॅडम, माझं खरंच चुकलं असेल तर?"

मी पेनं उचलून ठेवली. तिचं म्हणणं बरोबर होतं. ती बरोबर होती हे सिद्ध करून मी तिला सोडवू पाहत होते. म्हणजे पुढच्या वेळी ती चुकली, तर सुटकेची वाटच नाही. आईवडीलही नेमकं हेच करतात. "तुझं काही चुकलंच नाही" हे वाक्य प्रेमापोटी येतं, पण मुलाला त्यातून ऐकू येतं ते वेगळंच: चुकलं असतं तर बोलणी खाणं योग्य होतं.

पुढच्या भेटीसाठी तिला एक काम दिलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. एका बाजूला 'माझं', दुसऱ्या बाजूला 'त्यांचं'. त्या दिवशी जे जे घडलं ते कुणाच्या खात्यातलं आहे, त्या बाजूला लिहायचं. पान घेऊन आली तेव्हा 'माझं' खाली सहा ओळी होत्या. मधल्या वर्तुळाजवळ रेंगाळले. पास गेला त्या क्षणी बॉलकडे बघत होते, बचावपटूंकडे नाही. शिट्टी उशिरा वाजवली. आवाज बारीक आला. खाली बघितलं. कुणालाच उत्तर दिलं नाही. 'त्यांचं' ही बाजू कोरी.

सहा ओळी मी तिच्याबरोबर वाचल्या. पहिल्या तीन सरावाच्या गोष्टी आहेत आणि कुठल्याही अनुभवी रेफरीने तिला त्याच सांगितल्या असत्या. एकट्या रेफरीला पास आणि बचावाची रेषा एकाच वेळी दिसणं अवघड असतं. मोठ्या सामन्यांत त्यासाठी दोन्ही रेषांवर माणसं असतात, ते उगाच नाही. पुढच्या तीन ओळी मात्र घाबरलेल्या शरीराच्या होत्या. अंगावर ओरडणारे लोक आले की सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज बारीक होणारच, त्यात कसूर कसली? आणि आरडाओरड्याचा परिणाम फक्त नवख्यांवर होतो असंही नाही. २००२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ४० प्रशिक्षित रेफरींना एकाच सामन्यातल्या त्याच चकमकी दाखवल्या होत्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाजाशिवाय. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाउल दिले.

"आणि हा रकाना?" मी कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिथे चार शब्द लिहिले आणि वही माझ्याकडे सरकवली.

'शिट्टी कुणी दिली हिला?'

"हे कोण म्हणालं?"

"सर."

हे सर म्हणजे ज्या संघाचा गोल नाकारला गेला त्या संघाचे कोच, आणि आठव्या वर्षापासून तिलाही त्यांनीच शिकवलेलं. ऑफसाइड म्हणजे काय हे तिला पहिल्यांदा समजावलं ते त्यांनी, मैदानात दगड मांडून. रेफरीचा कोर्स कर असं सुचवणारेही तेच. आणि तिच्या गळ्यातली पहिली शिट्टीही त्यांनीच दिलेली.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरात सगळे मोबाइलवाल्या पालकाबद्दल बोलत होते, आणि मुलगीही त्यांना तेच बोलू देत होती.

हे मी मुद्दाम तपशिलाने लिहिते आहे. मूल जे सांगतं ते बहुतेकदा सांगता येण्याजोगं असतं. अनोळखी माणसाचा राग सांगता येतो. ज्याच्यावर विश्वास आहे त्याने सगळ्यांदेखत लाज काढली, हे सांगणं म्हणजे त्या माणसाची चहाडी केल्यासारखं वाटतं. म्हणून "एका गोलचं काय एवढं मनावर घ्यायचं" हे तिच्या बाबांचं वाक्य तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. तिने गोल मनावर घेतलाच नव्हता.

त्यानंतर मी तिला खेळाचे नियम विचारायला लागले, कारण त्या विषयावर ती मोकळी बोलायची. तिनेच मला सांगितलं की कायदे सतरा आहेत आणि पाचवा रेफरीचा. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर रेफरीला आधीचा निर्णय चुकला असं कळलं तरी तो बदलता येत नाही. सामना संपवून मैदान सोडल्यावरही नाही. मी विचारलं, "म्हणजे तो मोबाइल तुझ्यासमोर धरला तेव्हा तू काय करू शकत होतीस?" ती म्हणाली, "काहीच नाही." आणि मग जरा थांबून, "कायद्यानेच काही नाही." त्या दिवशी ती पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसली.

कार्डांची गोष्टही तिचीच. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात कुणाला ताकीद मिळाली आणि कुणाला नाही, याचा मोठा गोंधळ झाला. केन ॲस्टन या इंग्लिश रेफरीला वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या (ताकीद) आणि लाल (मैदानाबाहेर) कार्डांची कल्पना सुचली, आणि १९७० च्या विश्वचषकात ती वापरात आली. भाषा येत नसली तरी कार्ड कळतं. २०१९ पासून तर कोचलाही कार्ड दाखवता येतं. हे तिला पाठ होतं. मी विचारलं, "मग त्या दिवशी सरांना का नाही दाखवलंस?"

"सरांना कार्ड?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले.

आमचं खरं काम इथून सुरू झालं. नियम तिला येत होता, तो वापरायची परवानगी तिने स्वतःला दिली नव्हती. मोठ्या माणसाला थांबवणं म्हणजे त्याचा अपमान करणं, असं तिच्या मनात घट्ट बसलं होतं. मग आम्ही तालीम केली. मी ओरडणारा कोच, ती रेफरी. पहिल्यांदा ती माझ्या खांद्याकडे बघत बोलली. दुसऱ्यांदा वाक्य लांबलं आणि शेवटी "सॉरी" आलं. मी सांगितलं, वाक्य एकच आणि छोटं. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग बोलायचं. "सर, निर्णय झाला आहे. पुन्हा बोललात तर कार्ड दाखवावं लागेल." यातला 'सर' काढू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे की. आदर ठेवूनच बोलायचं आहे. प्रेक्षकांना कार्ड दाखवता येत नाही, पण बाहेरच्या व्यत्ययामुळे सामना थांबवायचा, तहकूब करायचा किंवा रद्द करायचा अधिकार रेफरीला आहे. त्याचंही वाक्य तिने बसवलं. शिट्टीचा सराव मात्र बाहेर जाऊन केला. ती घाबरून अर्धवट फुंकायची आणि मैदानावरच्या लोकांना ते लगेच कळतं.

एकीकडे घरच्यांशीही बोलणं चालू होतं. आई प्रत्येक सामन्यानंतर दारातच विचारायची, "आज कुणी काही बोललं का?" काळजीचाच प्रश्न, पण त्यामुळे मुलगी मैदानावर अपमान मोजायला लागली होती. मी आईंना म्हटलं, पहिला अर्धा तास काहीच विचारू नका. नंतर विचारायचं असेल तर खेळाबद्दल विचारा: कुठला निर्णय अवघड गेला, धावपळ किती झाली, कुठला खेळाडू चांगला वाटला. ती स्वतः काही सांगायला लागली तर मध्ये उपाय सुचवू नका. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं.

आईंच्या मनात आणखी एक भीती होती, ती त्यांनी एकट्या आल्या तेव्हा सांगितली. २०१२ च्या डिसेंबरात नेदरलँड्समधल्या आल्मेरे इथे कुमार गटाच्या सामन्यानंतर खेळाडूंनी एका लाइन्समनला मारहाण केली आणि दुसऱ्या दिवशी तो दगावला. तो हौशी होता, त्याचा मुलगा त्याच सामन्यात खेळत होता. हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. अशा भीतीला "तसं काही होत नाही" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. अठरा वर्षांखालच्या रेफरीच्या सामन्याला आयोजकांपैकी एक जबाबदार मोठा माणूस मैदानाजवळ हवा, हा आईवडिलांनी धरावा असाच आग्रह आहे. कुणी अंगावर हात टाकला किंवा धमकी दिली, तर खेळ तिथेच थांबवायचा आणि आधी स्वतः सुरक्षित व्हायचं, हेही मुलाला आधीच स्पष्ट सांगितलेलं असावं.

तक्रार करायची का, यावर घरात वाद झाला. बाबांना थेट सरांना जाऊन भेटायचं होतं. मुलीला ते अजिबात नको होतं. शेवटी तिनेच मार्ग काढला. रेफरीने सामन्याचा अहवाल द्यायचा असतोच, तिने तो दिला नव्हता. पाच ओळींत लिहिला: मिनिट, निर्णय, कोण काय म्हणालं, जसंच्या तसं. विशेषण एकही नाही. तो आयोजकांकडे गेला. मुलांच्या वतीने भांडायला जाणाऱ्या पालकांना मी नेहमी सांगते की लेखी अहवाल हे मुलाच्या कामाचाच भाग असलेलं साधन आहे. ते वापरलं की मूल रेफरीच राहतं, नाहीतर ते पुन्हा आईबाबांच्या मागे उभं असलेलं लेकरू होतं.

ती हळूहळू परतली. आधी एका अनुभवी रेफरीबरोबर रेषेवर झेंडा घेऊन दोन सामने. मग अगदी लहानांचा सामना एकटीने. काही आठवडे त्या संघाचा सामना नको, असं आयोजकांना सांगितलं होतं. ती मुदत तिने स्वतः ठरवली आणि स्वतःच संपवली.

आता मूळ प्रश्न. सोडायला सांगावं का? एका मुलाला मी सोडू दिलं आहे. त्याला मुळात शिट्टी आवडत नव्हती, वडिलांच्या इच्छेखातर तो जात होता आणि थांबल्यावर आठवड्याभरात हसायला लागला. या मुलीचं वेगळं होतं. नियमांबद्दल बोलताना तिचा चेहरा उजळायचा. तेव्हा आधी बघावं की मुलाला नेमकं काय टाळायचंय: खेळ, की त्यातलं एखादं माणूस, एखादं वाक्य? ते कळेपर्यंत सोडण्याचाही निर्णय नको आणि रेटण्याचाही नको. दोन-तीन आठवडे झोप आणि भूक बिघडलेली असेल, शाळा-कॉलेज टाळणं सुरू झालं असेल, तर मात्र वाट न बघता तज्ज्ञांकडे जा. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही मुलाच्या तोंडून आलं, तर त्याच दिवशी.

शेवटच्या भेटीला ती सामन्याहून थेट आली, गुडघ्यांना माती लागलेली. सरांच्या संघाचा सामना होता. पहिल्या भागात सर एकदा ओरडले, तेव्हा तिने आमचं ते वाक्य म्हटलं. दुसऱ्या भागात ते पुन्हा ओरडले.

"मग?"

"पिवळं दाखवलं. वही काढली आणि म्हटलं, सर, नाव सांगा."

"तुला त्यांचं नाव माहीत नाही?"

"विचारायचं असतं मॅडम. मी सगळ्यांनाच विचारते."

"सांगितलं त्यांनी?"

"आधी नुसते बघत राहिले. मग सांगितलं, आडनावासकट. मी लिहिलं. हात थरथरत होता, मिनिट चुकीचं पडलं, मग खोडून नीट केलं."

"आणि मग?"

"मग गोलकीक होती ना. खेळ सुरू केला."