सेस्मिक नोंदींतून दिसणारे वायुपाझर

प्रश्न : तेलकंपन्या समुद्रात सेस्मिक सर्वेक्षण (आवाजाच्या प्रतिध्वनींवरून तळाखालची पाहणी) करतात ते तळाखाली खोलवर असलेले साठे शोधण्यासाठी. त्याच नोंदींवरून तळावर वायू कुठे पाझरतो आणि तिथे जीव कुठे राहतात, याचा नकाशा करता येतो, असे वाचले. हे कसे शक्य आहे? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तेल शोधणाऱ्यांच्या दृष्टीने तळाचा पहिला प्रतिध्वनी जवळजवळ निरुपयोगी असतो, या कामात मात्र नेमका तोच उपयोगी पडतो. जहाजामागून ओढलेल्या एअरगनचा, म्हणजे दाबलेली हवा एकदम सोडणाऱ्या यंत्राचा, आवाज पाण्यातून सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने खाली जातो आणि साध्या चिखलाच्या तळावरून मध्यम जोराने परततो. चिखलात वायूचे बुडबुडे अडकलेले असतील, तर तिथे आवाजाचा वेग पाण्यातल्याहूनही कमी होतो आणि परतलेली लहर उलटी उमटते, म्हणजे जिथे शिखर दिसायला हवे तिथे दरी दिसते. याउलट, वर येणारे मिथेन सूक्ष्मजीवांनी वापरल्यावर तयार होणाऱ्या चुनखडीचे कठीण थर जिथे साचलेले असतात, तिथे प्रतिध्वनी नेहमीपेक्षा बराच जोरकस येतो.

मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ ओशन एनर्जी मॅनेजमेंट या सरकारी संस्थेने कंपन्यांकडून मिळालेल्या त्रिमितीय नोंदी जोडून अशा 30,000हून अधिक जागा नोंदवल्या आहेत. त्याच नोंदींवरून 2017 साली प्रसिद्ध झालेल्या तळाच्या नकाशात एक ठिपका साधारण 12 मीटर लांब-रुंद आहे. एवढ्या ठिपक्यात प्राणी दिसणे अशक्यच. दिसते ती फक्त त्यांना राहण्याजोगी जागा, आणि हा फरक उत्साहाच्या भरात बरेचदा विसरला जातो. वायू फार जोराने उसळत असेल तर तिथे चिखलाचे ज्वालामुखी तयार होतात आणि जीवांना बूड टेकायला कठीण जमीन उरत नाही. पाझर थांबलेला असेल तर चुनखडी उरते. तिच्यावर खोल समुद्रातली प्रवाळे वाढू शकतात, पण मिथेनवर जगणारे शिंपले नव्हेत. मधल्या, संथ पाझरावरच वस्ती दाट होते. म्हणून पाणबुडी किंवा दूरनियंत्रित यान खाली पाठवून खात्री करून घ्यावीच लागते.

तिथे आढळणाऱ्या लॅमेलिब्रॅकिया या नळकृमीला तोंडही नसते आणि आतडेही नसते. नळीच्या वरच्या टोकाला लाल तुरा, तर खालचे टोक मुळासारखे चिखलात गेलेले. त्यातून तो सल्फाइड (गंधकाचे संयुग) शोषतो आणि शरीरातले जिवाणू त्यावर त्याचे अन्न बनवतात. दोन मीटरपर्यंत वाढायला त्याला 200हून अधिक वर्षे लागतात. त्यामुळेच त्या आखातात 300 मीटरहून खोल पाण्यात विहीर खणताना अशी संभाव्य वस्ती खोदकामातला चिखल समुद्रात सोडण्याच्या जागेपासून किमान 2,000 फूट दूर असावी, असे मार्गदर्शक निर्देश दिले गेले.

आपल्याकडे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना 2018 मध्ये ‘सिंधू साधना’ जहाजावरून कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोरच्या समुद्रात असा जिवंत पाझर सापडला. तळाच्या गाळातून मिथेन हायड्रेट, म्हणजे मिथेन अडकलेला बर्फासारखा पदार्थ, मिळाले आणि त्याच परिसरात पाझरावर जगणारे शिंपलेही.