शांघायला जा, पण ऑक्टोबरमध्ये नको आणि एफडी मोडून तर नकोच

पुण्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. लग्नाला पाच वर्षं होताहेत. नवऱ्याला दहा वर्षांपासून शांघाय बघायचंय. गांधी जयंतीला जोडून सुट्टी टाकायची, असं दोघांनी ठरवलंय. टूर कंपनीने पाच रात्रींचे माणशी 1 लाख 65 हजार, म्हणजे दोघांचे 3 लाख 30 हजार सांगितलेत. हाताशी 70 हजार आहेत. उरलेले 2 लाख 60 हजार चार लाखांची एफडी मोडून घ्यायचे, की 14 टक्क्यांनी पर्सनल लोन काढायचं, असा त्यांचा प्रश्न आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 15 हजार, घराचा हप्ता 38 हजार, घरखर्च 40 हजार, एसआयपी 18 हजार. मूल नाही. नवरा पूर्ण शाकाहारी.

ताई, तुम्ही विचारलेल्या दोन्ही वाटांना माझं उत्तर 'नको' आहे. प्रवासाला मात्र 'हो'.

आधी एफडीबद्दल. हप्ता धरून तुमचं घर महिन्याला 78 हजारांवर चालतं. म्हणजे चार लाख हा पाच महिन्यांचा आधार झाला. त्यातले 2 लाख 60 हजार काढले तर उरतात 1 लाख 40 हजार, दोन महिनेही पुरणार नाहीत. दोघांपैकी एकाची नोकरी गेली, तर दुसऱ्याच्या पगारात हप्ता भरून घर चालवणं किती ओढाताणीचं होईल, ते तुम्हीच बघा. कर्जाचं म्हणाल तर 24 महिन्यांसाठी हप्ता साधारण 12,500 बसेल आणि व्याज जाईल जवळपास 40 हजार. शांघायमध्ये स्वच्छ, साध्या हॉटेलची खोली मी रात्रीला 350 युआन धरतो. युआन 13 रुपयांना धरला तर आठ रात्रींचे 36,400 होतात. म्हणजे तुम्ही बँकेला जे व्याज द्याल, त्यात आठ रात्री राहणं निघतं.

आता तारखा. 1 ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, आणि त्याला लागून आठवडाभराची सुट्टी असते. सगळा देश त्या दिवसांत फिरायला निघतो. हॉटेलं महागतात, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत आणि नदीकाठच्या 'बंड' नावाच्या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. म्हणजे तुम्ही वर्षातल्या सगळ्यात महागड्या आठवड्याची निवड केलीये. एप्रिलचा मध्य घ्या. हवा छान असते. महिन्याच्या सुरुवातीची छिंगमिंगची, म्हणजे तिथल्या पितरांच्या सणाची, सुट्टी संपलेली असते आणि 1 मेची गर्दी सुरू झालेली नसते.

शांघाय महाग आहे असं आपल्याकडे सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. तिथल्या काचेच्या मनोऱ्यांत खर्चाला अंत नाही, पण रस्त्यावरचं शहर स्वस्त आहे. मेट्रोचं तिकीट पहिल्या 6 किलोमीटरला 3 युआन, पुढच्या दर 10 किलोमीटरला 1 युआन. तीन दिवसांचा पास 45 युआनला मिळतो. पुडाँग विमानतळावरून 2 नंबरच्या लाइनने थेट झोंगशान पार्कपर्यंत आठेक युआनमध्ये पोचता. मी राहायला तोच भाग सुचवेन, कारण तिथे तीन लाइन्स मिळतात आणि शहराच्या मध्यावरच्या पीपल्स स्क्वेअरच्या मानाने खोल्या परवडतात. चुंबकावर तरंगत धावणारी मॅग्लेव्ह गाडी विमानतळावरून 30 किलोमीटर आठ मिनिटांत नेते, पण माणशी 50 युआन घेऊन लाँगयांग रोडला सोडते, पुढे मेट्रो आहेच. नवऱ्याला हौस असेल तर एकदाच बसा. त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं की 40 युआन पडतात.

हुआंगपू नदीत दिव्यांच्या सजवलेल्या क्रूझ असतात. त्या सोडा. लोक कामावरून घरी जायला जी साधी फेरी वापरतात, तिचं तिकीट दोन युआन. संध्याकाळी दिवे लागल्यावर तिच्यात चढा. सायकली आणि स्कूटर घेतलेली माणसं शेजारी उभी असतात, एका काठाला बंडच्या जुन्या दगडी इमारती, दुसऱ्या काठाला पुडाँगचे मनोरे. पाच-दहा मिनिटांचाच प्रवास, पण जन्मभर लक्षात राहील. बंडवर हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल दिसेल. ते 1929 साली व्हिक्टर ससूनने बांधलं. पुण्याचं ससून हॉस्पिटल ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, त्या डेव्हिड ससून यांचा तो पणतू. मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफूवर या घराण्याने अमाप पैसा केला. पुणेकराने ती इमारत बाहेरून तरी बघावीच, पैसे पडत नाहीत. शांघाय म्युझियमही फुकट आहे, पासपोर्ट जवळ ठेवा.

जेवणाला दोघांचे दिवसाला 200 युआन पुरतात, पण नवऱ्याच्या शाकाहाराची काळजी आधी घ्या. बांबूच्या टोपलीत वाफवलेले श्याओलाँगबाव अगदी आपल्या उकडीच्या मोदकासारखे दिसतात, तशाच नाजूक कळ्या, पण आत डुकराचं मांस आणि रस्सा असतो. नुसत्या भाजीतही खिमा पडलेला असू शकतो. 'मांस, मासे, अंडी नको' हे चिनी अक्षरांत फोनवर लिहून ठेवा. बौद्ध शाकाहारी जेवणाची तिथे जुनी परंपरा आहे. नानजिंग रोडवरचं कुंगदलिन हे शाकाहारी रेस्टॉरंट 1922 पासून चालू आहे. जेड बुद्ध मंदिरात मिळणाऱ्या शाकाहारी नूडल्स तर खिशाला अगदीच हलक्या.

सात रात्रींचा माझा हिशोब असा. हॉटेल 2,450 युआन, जेवण 1,600, मेट्रो 320, रेल्वेने जवळच्या सूझोऊ शहराची एक दिवसाची फेरी 300, प्रवेशशुल्क 440. एकूण 5,110 युआन, म्हणजे 66 हजारांच्या आसपास. एका थांब्याच्या विमानाचे दोघांचे मी 84 हजार धरलेत. व्हिसा, विमा, मोबाइल डेटा यांना 16 हजार आणि अडीअडचणीला 15 हजार. बेरीज 1 लाख 81 हजार. पॅकेजपेक्षा दीड लाख कमी आणि दोन रात्री जास्त. शिवाय पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. आई-वडील सोबत असते तर मी पॅकेजलाच होकार दिला असता, तुम्हा दोघांना मात्र त्याची गरज नाही.

70 हजार आहेत, कमी पडतात 1 लाख 11 हजार. सगळे खर्च जाऊन तुमच्याकडे महिन्याला 19 हजार उरतात. त्यातले 16 हजार सप्टेंबरपासून मार्चपर्यंत दर महिन्याला बाजूला टाका, 1 लाख 12 हजार जमतात. एसआयपी थांबवू नका आणि हे पैसे शेअर बाजारातही नेऊ नका, सात महिन्यांत तिथे काहीही होऊ शकतं. जानेवारीअखेर विमानाचं तिकीट काढायचंय, म्हणून हे पैसे बचत खात्यातच ठेवा.

पैसे देण्याबद्दल मात्र नीट लक्ष द्या. तिथे भाजीवालाही क्यूआर कोडच पुढे करतो. अलीपे या तिथल्या पेमेंट अ‍ॅपला तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड पुण्यातच जोडा, पासपोर्टची पडताळणीही इथेच उरका आणि कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा रोमिंग बंद ठेवू नका. परदेशी कार्डाने 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे शुल्क घेत नाही, त्याहून मोठ्या व्यवहारावर 3 टक्के लावतं, आणि तुमच्या बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा. म्हणून नूडल्स, मेट्रो अलीपेवर, पण हॉटेलचं बिल थेट कार्डाने. पाचशेक युआन रोख जवळ असू द्या. काही देशांच्या नागरिकांना 240 तासांचा व्हिसामुक्त थांबा मिळतो, त्या यादीत भारत नाही, त्यामुळे कोणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

प्रवेशशुल्कात मी शांघाय टॉवरची दोन तिकिटं धरलीयेत, प्रत्येकी 180 युआन, दोघांचे मिळून 4,680 रुपये. वरून शहर बघायचं दालन 118 व्या मजल्यावर आहे. खर्च कमी करायला बसाल तेव्हा कात्री पहिली इथेच लावाल, कारण हीच रक्कम ठळक दिसते. ती लावू नका. हवं तर एका रात्रीचं हॉटेल साधं घ्या. दहा वर्षं वाट बघितलेल्या माणसाला तेवढं वर जाऊ द्या.