शंभराचे पाचशे कसे झाले

प्रश्न: आमचं मूळ गाव शिरूर तालुक्यात. आजोबा कायम सांगायचे, आपलं रान सावकाराने गिळलं. मुलगा बारावीला आहे, तो म्हणतो पुस्तकात दिलंय की 1875 च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांची सुरुवात अमेरिकेतल्या युद्धापासून होते. अमेरिकेच्या युद्धाचा आमच्या कोरडवाहू रानाशी काय संबंध? आणि सावकार काय त्याआधी नव्हते का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण खरी गोम तिथेच आहे. पण आधी अमेरिकेचं सांगतो.

1861 ला तिकडे यादवी युद्ध पेटलं. तोपर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला जवळपास तीन चतुर्थांश अमेरिकेतून यायचा, तो एकदम आटला आणि सगळे मुंबईकडे धावले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरातल्या सावकारांना पैसा दिला, त्यांनी गावातल्या सावकाराला, आणि ज्याला एरवी पन्नास रुपयांसाठी चार खेटे घालावे लागायचे त्या शेतकऱ्याला दारात येऊन उचल मिळायला लागली. मग 1865 ला युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईत शेअर बाजार बुडाला, वरून पैसा बंद झाला तसा गावातला सावकारही हात आखडून वसुलीच्या मागे लागला. नेमकं त्याच सुमारास सरकारने तीस वर्षांपूर्वीची सारा (म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर) आकारणी बदलली, काही गावांत सारा दीडपट, काही ठिकाणी त्याहून जास्त झाला. भाव उतरलेले, सारा चढलेला, आणि सारा रोखीत भरायचा म्हणजे परत सावकाराचीच पायरी.

आता सावकार. ते पेशवाईतही होते आणि काही संत नव्हते. पण तेव्हा त्यांना वसुलीसाठी पाटील, पंचायत, गावकी यांना धरून चालावं लागायचं, आणि दामदुपटीचा रिवाज होता, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. इंग्रजांनी दिवाणी कोर्टं आणली, शिवाय रयतवारीमुळे, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायच्या पद्धतीमुळे, जमीन ज्याच्या नावावर त्याला ती विकता किंवा गहाण टाकता येऊ लागली. म्हणजे जमीन कर्जात जाऊ शकेल अशी वस्तू झाली आणि ती काढून घ्यायला सावकाराच्या पाठीशी सरकार उभं राहिलं. गावात तोंड दाखवायची भीती उरली नाही, हातात खत, म्हणजे कर्जाचा लेखी कागद, असलं की कोर्टात डिक्री, म्हणजे वसुलीचा हुकूम, आणि डिक्री असली की जप्ती.

1859 च्या मुदतीच्या कायद्याचं तर फार वाईट वाटतं. शेतकऱ्याच्या भल्यासाठी नियम केला की खत तीनच वर्षं चालेल, सावकाराने काय करावं, दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवीन खत लिहून घ्यायचं! आकडा मांडून बघा. शंभर रुपये, महिन्याला शेकडा दोन. तीन वर्षांनी 172 चं नवं खत, सहा वर्षांनी 296 चं, नऊ वर्षांनी 509 चं. दामदुपटीने हेच दोनशेवर थांबलं असतं, पण दर खताला मुद्दलच नवं, मग दामदुपट धरायची कशावर? आणि खाली अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नाही.

म्हणूनच 12 मे 1875 ला सुप्याला (हेच ते शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणे-सुपे) बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांकडे आधी काय मागितलं तर खतं आणि वह्या. त्या जाळल्या. धान्याची दुकानं लुटली, काही घरंही पेटवली, पण लोकांचा रोख माणसं मारण्यावर नव्हता, कागदावर होता. मग हे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. तुमच्या तालुक्यातल्या कर्डे गावात तर आदल्या वर्षीच सावकारावर बहिष्कार पडला होता, त्याची हजामत करायची नाही, पाणी भरायचं नाही, शेवटी त्याला गाव सोडून शिरूरला जावं लागलं. हे मला दंग्यापेक्षा मोठं वाटतं. कोर्टाने काढून घेतलेला गावकीचा धाक लोकांनी परत आणून बघितला.

सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याच्यापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज घेतल्याचं प्रकरण आलं. 1879 ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात न्यायाधीशाला नुसतं खत न बघता मूळ व्यवहार काय होता ते खणून बघायची मुभा मिळाली, आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं. मध्ये 1876 ते 78 चा दुष्काळ येऊन गेला होता, तोवर बऱ्याच जणांचं रान गेलेलं.

तेव्हा आजोबा खरं बोलत होते आणि मुलाचं पुस्तकही खरं आहे, फक्त मध्ये कोर्ट आणि सारा घाला. गावच्या घरी जुनी पेटी असेल तर मोडीतले कागद मोडी येणाऱ्याकडून वाचून घ्या आणि आधी तारखा बघा. एकाच सावकाराची खतं तीन-तीन वर्षांच्या अंतराने सापडली आणि प्रत्येकात रक्कम वाढलेली दिसली, तर रान कसं गेलं ते तुम्हाला घरातच वाचायला मिळेल. सापडली तर मलाही जरूर कळवा.