मीटर कमी, वय जास्त

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालची पेट्रोल जिप्सी आहे. गाडी वडिलांनी घेतलेली. १५ वर्षे पूर्ण झाल्यावर आम्ही तिच्या नोंदणीचे नूतनीकरणही करून घेतले. वर्षाकाठी पन्हाळा, जोतिबा आणि गावाकडच्या दोन-चार फेऱ्या एवढाच तिचा प्रवास असल्यामुळे मीटरवर जेमतेम ६८,००० किलोमीटर आहेत. पुढच्या जूनमध्ये तिच्यातून हिमाचलमधल्या उंचावरच्या स्पितीपर्यंत जाऊन यायचा विचार आहे. ओळखीचे मेस्त्री म्हणतात, ‘इंजिन एकदम कडक आहे, ऑइल बदला आणि बिनघोर जावा.’ एवढे पुरेसे आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : इंजिनाबद्दलचे मेस्त्रींचे मत बरोबरच असेल. परंतु पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणून घाटात अडकलेली गाडी मी क्वचितच पाहिली आहे. फुटलेला होज (रबरी नळी), तुटलेला फॅन बेल्ट किंवा गंजलेले अर्थिंग यांमुळे अडकलेल्या गाड्या मात्र दर मोसमात दिसतात. कमी किलोमीटर ही आपल्याला जमेची बाजू वाटते, मला तीच काळजीची वाटते. रबर, ब्रेक ऑइल, कूलंट आणि ग्रीस यांचे आयुष्य वर्षांवर मोजावे लागते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ऑइल सीलची कड कडक होते, ग्रीस सुकते आणि टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा थर पंपाच्या जाळीवर बसतो.

पहिले लक्ष इंजिन थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेकडे द्यावे. या गाडीचे इंजिन ॲल्युमिनियमचे आहे आणि एकदा जरी ते अति तापले तरी हेड वाकण्याची भीती असते. रेडिएटरचे वरचे-खालचे होज आणि हीटरचे पाईप मूळचे असतील, तर ते बाहेरून कितीही चांगले दिसले तरी बदलावेत. होज आतून फाटत जातो. इंजिन गार असताना क्लिपच्या शेजारी तो बोटांनी दाबून पाहावा. तिथे तो फुगलेला, मऊ पडलेला किंवा दाबताना करकरणारा लागला तर त्याचे दिवस भरले आहेत. रेडिएटरचे झाकण ही किरकोळ वस्तू समजली जाते, पण त्याच्यामुळेच आतला दाब टिकतो आणि कूलंट उशिरा उकळते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी मुळातच लवकर उकळते. त्यामुळे कोल्हापुरात खपून गेलेले जुने झाकण स्पितीत खपणार नाही. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह सोडणारी झडप) काढून टाकून गाडी चालवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती कृपया पाळू नये. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची लेखी नोंद नसेल, तर तो बदललाच नाही असे धरून चालावे आणि त्याच वेळी वॉटर पंप गळतो का, हेही पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट गाडीच्या पोटाखालची आहे. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली असल्यामुळे पुढचा, मागचा आणि या दोहोंमधला आखूड असे ताकद वाहून नेणारे तीन प्रोपेलर शाफ्ट असतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना क्रॉस (कोन बदलला तरी शाफ्ट फिरू देणारे सांधे) असतात. मधल्या शाफ्टपर्यंत ग्रीसगन नेणे अडचणीचे, म्हणून तोच वर्षानुवर्षे कोरडा राहतो. माझ्या स्वतःच्या जुन्या फोर-व्हील (चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या) गाडीत क्लच सोडताना ‘टक्’ असा आवाज येत होता आणि मी तो जवळजवळ एक पावसाळा अंगावर काढला. शेवटी शिवाजी उद्यमनगरात शाफ्ट उतरवून क्रॉसचा कप काढला, तेव्हा आत ग्रीस नव्हतेच. सुयांसारखे बारीक रोलर तांबूस भुकटीत रुतून बसले होते आणि चकचकीत असायला हव्या त्या दांड्यावर एकेका सुईची खाच उमटली होती. भर वेगात तो शाफ्ट निसटता तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो. यात दोष सर्वस्वी माझा होता. आपण शाफ्ट हाताने पिळून पाहावा आणि जराही हिसका जाणवला तर क्रॉस बदलावा.

६० ते ८० च्या वेगात खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग थडथडत असेल, तर केवळ बॅलन्सिंग करून किंवा स्टिअरिंग डँपर बदलून समाधान मानू नये. किंगपिनची (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खुंटीची) बेअरिंगे, टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांची टोके), पाट्यांचे बुश आणि हबची (चाकाच्या मधल्या भागाची) बेअरिंगे यांतील ढिलाई एकमेकींत मिसळून ही थरथर तयार होते. डँपर ती काही दिवस झाकतो, एवढेच.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि आपल्या पावसाळी हवेत तर ते दर दोन वर्षांनी बदललेच पाहिजे. पाणी मुरलेले ऑइल लांब उतारावर तापून उकळते आणि पेडल अचानक खाली जाते. टायरच्या कडेवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांवरचे टायर अशा प्रवासाला मी नेणार नाही, आणि हा नियम स्टेपनीलाही लागू आहे.

ही सर्व कामे निघण्याच्या आदल्या आठवड्यात करू नयेत, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. नवा भागही सदोष निघतो, घाईत एखादा बोल्ट सैल राहतो. कामे फेब्रुवारीअखेर संपवावीत आणि एप्रिल-मेच्या उन्हात, पूर्ण सामान भरून, गगनबावड्यावरून भुईबावडा घाट उतरून वैभववाडी आणि तिथून फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे परत, असा एक फेरा मारावा. त्यात लांब उतारही येतो आणि लांब चढही. दर थांब्यावर चारही हबांजवळ हात न्यावा. इतरांपेक्षा एखादाच फार तापलेला असेल तर तिथले बेअरिंग आवळलेले आहे किंवा ब्रेक धरून राहतो आहे. घरी आल्यावर रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरावा. सकाळी त्यावर पडलेले थेंब कोठून आले, हे शोधल्याशिवाय पुढची तारीख ठरवू नये.

प्रश्न : २०२१ च्या जुलैमधील महापुरात आमची डिझेल फोर-व्हील गाडी दीड दिवस हबच्या वरपर्यंत पाण्यात होती. इंजिनात पाणी गेले नव्हते, म्हणून धुऊन-पुसून वापरायला काढली. आता मागून घरघर ऐकू येते. एवढ्या वर्षांनी त्याचा पुराशी संबंध असेल का?
— एक वाचक, दुधाळी परिसर

उत्तर : असू शकतो, आणि तसा तो बऱ्याचदा निघतोही. ॲक्सलच्या नळीवर ब्रीदर नावाचे एक छोटे तोंड असते. तापलेला ॲक्सल थंड झाला की आतली हवा आकुंचन पावते आणि तो ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने बाहेरचे पाणी ओढून घेतो. दीड दिवस बुडून राहिलेल्या ॲक्सलमध्ये तर ते नुसतेही झिरपते. डिफरन्शियलचा (ॲक्सलवरील, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) फिलर प्लग (ऑइल भरायच्या छिद्राचे बूच) काढून बोट आत घालावे. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. ते दिसत नसेल तरी निर्धास्त होऊ नये, कारण पुरातला बारीक गाळ तळाशी बसतो. ऑइल पूर्ण काढून ते स्वच्छ भांड्यात धरावे आणि ड्रेन प्लगला चिकटलेला कीस पाहावा. काळी मऊ भुकटी नेहमीची असते, टोचणारे कण किंवा पत्रीसारखे तुकडे आढळले तर डिफरन्शियल उघडावा लागेल. हायपॉइड (वक्र दातांच्या गिअरच्या) डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचेच ऑइल हवे, मात्र तेच गिअरबॉक्समध्ये सरसकट भरू नये, कारण काही गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच भरावे. हबची बेअरिंगे, सेल्फ आणि अल्टरनेटरही त्याच वेळी उघडून पाहावेत. पुराच्या पाण्यातून गेलेल्या प्रत्येक गाडीचे हे काम त्याच महिन्यात व्हायला हवे, असे मी पूरपट्ट्यातील सर्व वाचकांना कळकळीने सांगतो.

प्रश्न : फोर-व्हीलचा दांडा दोन वर्षांत एकदाही टाकलेला नाही. तो सैल राहावा म्हणून हायवेवर अधूनमधून टाकला तर चालेल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकू नये. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वेगांचा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात आणि त्या फरकाचा पीळ शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर साठत जातो. महिन्यातून एकदा शेताच्या मातीच्या वाटेवर दोन-तीन किलोमीटर दांडा टाकून चालवावे. पुढच्या हबांना हाताने फिरवायचे लॉक असतील तर तेही फिरवावेत. दांडा अडला तर जोर लावू नये. गाडी थोडी पुढे-मागे घेतली की तो बहुधा सुटतो. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत, नाहीतर मातीतही हा पीळ बसतच राहतो.