वेठ, बिगार आणि सक्तीची चाकरी: वाचकांचे प्रश्न

सक्तीच्या चाकरीला मराठीत जे शब्द आहेत, त्यांच्यावर या वेळी बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

वेठ आणि बिगार या दोन्हींचा अर्थ फुकट राबवून घेणे असाच आहे ना? मग 'वेठबिगार' असा जोडशब्द कशाला? (एक शिक्षिका)

अर्थ जवळजवळ एकच, घराणी मात्र वेगळी. 'वेठ' आली संस्कृत 'विष्टि'कडून. मुष्टीची मूठ झाली, दृष्टीची दिठी झाली, तशी विष्टीची वेठ. मधल्या काळात प्राकृतात 'विट्ठि', 'वेट्ठि' अशी रूपे होती. मूळ धातू विष्, म्हणजे काम करणे. शब्दाच्या मुळाशी सक्ती नाही, नुसते काम आहे. सक्ती त्याला राज्यकारभाराने चिकटवली.

'बिगार' फारसी 'बेगार'वरून आला. दफ्तराची भाषा फारसी वळणाची झाली तेव्हा जुन्या शब्दाशेजारी हा नवा येऊन बसला. एक देशी आणि एक फारसी शब्द जोडण्याची मराठीला सवयच आहे: बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र. पण इथे सवयीपेक्षा जास्त काही असावे असे मला वाटते. जुन्या इनामपत्रांत माफ केलेल्या बाबींची लांबलचक यादी असते आणि तिच्यात वेठबेगार असते. दोन्ही नावे लिहून ठेवली की 'तुम्हाला वेठ माफ आहे, बिगार नाही' असे म्हणायला अंमलदाराला जागा उरत नाही.

याच विष्टीची कन्नडमध्ये 'बिट्टी' झाली आणि आज तिथे बिट्टी म्हणजे फुकट मिळालेली वस्तू. तेलुगूत 'वेट्टी' झाली. निजामी राज्यातल्या तेलंगणात 'वेट्टी चाकिरी' इतकी असह्य होती की १९४६ साली पेटलेल्या शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्याचे ते एक मुख्य कारण ठरले. एकच शब्द, एका भाषेत घेणाऱ्याच्या बाजूने उरला, दुसरीत देणाऱ्याच्या.

आपल्याकडे पूर्वी सक्तीची सैन्यभरती होती का? असेल तर तिला शब्द काय होता? (इतिहासाचा एक विद्यार्थी)

तुमच्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा विष्टीपाशीच येते, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. महाभारताच्या शांतिपर्वात सैन्याची आठ अंगे सांगितली आहेत: रथ, हत्ती, घोडे, पायदळ, विष्टि, नौका, हेर आणि वाटाडे. म्हणजे धरून आणलेले मजूर हे सैन्याचेच एक अंग मानले जाई.

ते करत काय, हे कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात नेमके लिहून ठेवले आहे. छावणी, रस्ते, पूल, विहिरी आणि नदी उतरायच्या जागा साफ करायच्या; यंत्रे, शस्त्रे, चिलखते, सामान आणि दाणावैरण वाहायची; रणांगणावरून शस्त्रे, चिलखते आणि जखमी माणसे उचलून आणायची. शेवटचे काम वाचताना थांबायला होते. हातात शस्त्र नाही, वीर म्हणून कुठे नाव नाही, आणि जायचे मात्र बाण पडतात तिथे.

सैनिक म्हणून माणसे द्यावी लागत का? त्याचाही माग अर्थशास्त्रातच आहे. दुसऱ्या अधिकरणात समाहर्त्याने, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याने, गावांची नोंद कशी ठेवावी ते सांगताना गावांचे प्रकार दिले आहेत. काही करमुक्त, काही 'आयुधीय', म्हणजे शस्त्रधारी माणसे पुरवणारी, आणि काही धान्य, जनावरे, सोने, वनोपज किंवा विष्टि देणारी. सैनिक देणे आणि मजूर देणे या एकाच खातेवहीतल्या शेजारच्या नोंदी होत्या.

हा भार लोकांना किती जाचत होता हे राजांच्या बढाईवरूनच कळते. गिरनारच्या पायथ्याशी महाक्षत्रप रुद्रदामनाचा इसवी सन १५० च्या सुमाराचा शिलालेख आहे. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण कर, विष्टि आणि प्रणय (म्हणजे जादा पट्टी) यांनी प्रजेला न पिडता स्वतःच्या खजिन्यातून बांधला, असे तो अभिमानाने सांगतो. विष्टि न लावणे ही दगडावर कोरण्याजोगी गोष्ट होती! आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकच्या ताम्रपटात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन दान दिलेल्या गावाला सर्व प्रकारच्या विष्टीतून मोकळे करतो. दान मिळाले ब्राह्मणांना. गावातल्या राबणाऱ्यांची वेठ त्यामुळे संपली, की फक्त तिचा धनी बदलला, हे ताम्रपट सांगत नाही.

आजच्या अर्थाची सक्तीची लष्करी सेवा, म्हणजे ठरावीक वयाच्या प्रत्येक तरुणाचे नाव यादीत, ही मात्र युरोपातली गोष्ट. फ्रान्सने १७९८ साली कायदा करून वीस ते पंचवीस वर्षांच्या तरुणांना त्यात ओढले आणि 'कॉन्स्क्रिप्शन' हा शब्द जगभर गेला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नावे एकत्र लिहिणे एवढाच. नेपोलियनच्या लढायांनी तो शब्द इतका विटाळला की १८१४ च्या राजसनदेच्या बाराव्या कलमात 'कॉन्स्क्रिप्शन रद्द' असे स्पष्ट लिहावे लागले. चारच वर्षांनी, १८१८ मध्ये, चिठ्ठ्या टाकून भरती पुन्हा सुरू झाली, फक्त तिला 'बोलावणे' अशा अर्थाचा सौम्य शब्द दिला.

यादीची ही ताकद आपल्या लोकांनीही ओळखली होती. आजच्या उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांचे सामान फुकट वाहण्यासाठी गावोगावच्या प्रधानांकडे, म्हणजे गावप्रमुखांकडे, कुलींच्या नावांची रजिस्टरे असत. १४ जानेवारी १९२१ रोजी बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाकेवर लोकांनी ती रजिस्टरे शरयू नदीत फेकून दिली. बोजे वाहायला नकार देण्याआधी त्यांनी आपली नावे बुडवली.

गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला बिगारी का म्हणतात? त्याला तर रोज मिळतो. आणि जुन्या शाळेतली 'बिगरी' याच शब्दातली का? (दोन वाचक)

बिगारी हा मूळचा बिगारीला धरलेला माणूस. पुढे रोजंदारी आली, पैसे मिळू लागले, पण ओझे वाहणे आणि माल कालवणे हे काम तेच राहिले, करणारेही बहुतेक त्याच घरांतले राहिले, म्हणून नावही राहिले. शाळेतली बिगरी वेगळी. ती 'बिगर'पासून, म्हणजे अजून इयत्ता नसलेला वर्ग.

'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले' असे मथळे रोज येतात. हा वापर बरोबर आहे का? (एक निवृत्त बसवाहक)

तुमच्या पत्रातली खंत समजली, आणि मला हा प्रश्न या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

'वेठीस धरणे' म्हणजे माणसाला पकडून सक्तीने कामाला लावणे. धरणारा अंमलदार, पाटील, फौजेचा अधिकारी. धरला जाणारा ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस. महाराष्ट्रात हा भार सर्वांत जास्त महार समाजाने वाहिला. वतनाच्या नावाखाली कोणत्याही वेळी सरकारी काम, टपाल, निरोप, ओझी; आणि वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते याचसाठी. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

आता मथळ्यातले वाक्य पाहा. संप करणारा माणूस काम करायला नकार देतो. वेठ म्हणजे नकार देण्याची सोय नसलेले काम. म्हणजे नेमक्या उलट गोष्टीला आपण तोच शब्द लावतो, आणि तोही बहुतेक वेळा अशा माणसांवर, ज्यांचे आजे-पणजे खरोखरच वेठीस धरले गेले असतील. हे कसे झाले? मला वाटते, 'ओलीस धरणे' हा शब्दप्रयोग शेजारी होता, घडण तीच, कानाला जवळचा. त्याचा अर्थ 'वेठीस धरणे'त झिरपला. हळूहळू 'अडवून आपले म्हणणे मान्य करायला लावणे' हाच मुख्य अर्थ झाला.

रूढ झालेला अर्थ चूक म्हणून खोडता येत नाही, हे मला मान्य आहे. तरी बातमी लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: प्रवाशांचे हाल झाले, गैरसोय झाली, कोंडी झाली, अडवणूक झाली, असे लिहा. मराठीत शब्दांची वाण नाही. संपाची बाजू घ्या किंवा घेऊ नका, पण राबणाऱ्याच्या छळाचा शब्द राबणाऱ्याच्याच अंगावर टाकू नका.

असेच 'वेठ मारणे'चे. कसेबसे काम उरकणे, असा त्याचा अर्थ आपण घेतो आणि दोष करणाऱ्याला देतो. फुकट राबणारा मन लावून का करील, हा प्रश्न त्या वाक्प्रचारात कुठेच उरलेला नाही.

राज्यघटनेने वेठबिगारी बंद केली. मग उद्या सरकारने सक्तीची लष्करी सेवा लावली तर ती घटनाविरोधी ठरेल का? (कायद्याची एक विद्यार्थिनी)

निव्वळ सक्तीची म्हणून नाही. अनुच्छेद २३ च्या पहिल्या खंडात मानवी अपव्यापार, बिगार आणि तशाच प्रकारचे सक्तीचे श्रम यांना मनाई आहे. इंग्रजी संहितेतसुद्धा 'बेगार' हाच शब्द ठेवला आहे. दुसऱ्या खंडात मात्र सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला दिली आहे, आणि तीत केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही अशी अट घातली आहे. ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडची वेठ जातीवर उभी होती. घटनाकारांनी सक्ती पूर्ण नाकारली नाही, पण तिची जात काढून घेतली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या करारातही निव्वळ लष्करी स्वरूपाची सक्तीची सेवा सक्तीच्या श्रमांच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे.

बिगार म्हणजे काय हे ठरवताना १९८२ च्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी मोल्सवर्थच्या कोशातली व्याख्या आधाराला घेतली. आपल्या मराठीच्या कोशाचे बोट धरून सर्वोच्च न्यायालय पुढे गेले आणि म्हणाले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हासुद्धा अनुच्छेद २३ खालचा सक्तीचा श्रमच आहे. 'फुकट' हा निकष तिथे संपला. भुकेने घातलेली सक्तीही सक्तीच, असे न्यायालयाने मानले.

सक्तीने खलाशी पकडून नेणाऱ्या टोळीला इंग्रजीत 'प्रेस गँग' म्हणतात, त्यातला 'प्रेस' म्हणजे दाबणे का? (एक वाचक)

दिसतो तसा, पण मुळात नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'प्रेस्ट' म्हणजे उसने किंवा आगाऊ दिलेले पैसे. खलाशाच्या हातावर ते नाणे ठेवले की तो राजाच्या आरमारात बांधला गेला. पुढे टोळ्या बंदरांतून आणि व्यापारी जहाजांवरून माणसे ओढून नेऊ लागल्या, तेव्हा लोकांना तो 'दाबणे'वाला शब्दच खरा वाटू लागला. अमेरिकन जहाजांवरून अशी माणसे नेणे हे १८१२ च्या युद्धाचे एक कारण झाले. आगाऊ रकमेचा मूळ अर्थ सरकारी हिशेबातल्या 'इम्प्रेस्ट'मध्ये अजून जिवंत आहे.

माझे आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मागच्या हंगामात उचल फिटली नाही म्हणून त्यांना सोडेनात. याला वेठबिगारी म्हणता येईल का, की तो जुना शब्द झाला? (महाविद्यालयातील एक विद्यार्थी)

शब्द जुना नाही. प्रेस्टचे नाणे आणि तुमच्या घरातली उचल यांचा घाट एकच आहे: पैसे आधी, मग माणूस त्यांचा. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने नेमके हेच पकडले आहे. घेतलेल्या उचलीपोटी किंवा कर्जापोटी काम करावे लागते, आणि त्यामुळे दुसरीकडे काम करण्याचा किंवा हवे तिथे जाण्याचा हक्क जातो, तर ती वेठबिगारी. थोडीफार मजुरी मिळते म्हणून ती टळत नाही. असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच हा कायदा संपवतो. सक्ती करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. त्यात 'मजुरीचा वाद', 'देण्याघेण्याची तक्रार' असे लिहू नका. तसे लिहिले की कागद भलत्याच टेबलावर जातो. 'वेठबिगार' हाच शब्द आणि १९७६ च्या कायद्याचे नाव लिहा. उचल किती, कोणाकडून, कधी घेतली, हंगामात दोघांनी किती दिवस तोड केली, सोडत नाही असे कोण आणि कुठे म्हणाले, हे तारखांसह मांडा. पावती नसली तरी थांबू नका. हे कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार या कायद्याच्या कलम १५ नुसार पैसे देणाऱ्यावर आहे, तुमच्या आईवडिलांवर नाही.