घसा लाल दिसला, मग?

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती आणि समासात इतकं लिहून झालं की त्यापेक्षा पत्र बरं असं वाटलं. आवाज बसलेले दोनशे रुग्ण घ्यायचे, स्वरयंत्राचे फोटो काढायचे, आम्ल कमी करणारं औषध तीन महिने द्यायचं, पुन्हा फोटो काढायचे आणि लाली किती उतरली ते मोजायचं, असा बेत आहे. कष्टांना तू मागे हटणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण हा सगळा बेत ज्या खुंटीवर टांगलाय, ती खुंटीच हलतेय.

ती खुंटी म्हणजे लाली: घसा लाल दिसला की पोटातलं आम्ल वर येऊन बाधतंय, हे तू गृहीत धरलंयस. कुठलीही तक्रार नसलेल्या 105 निरोगी स्वयंसेवकांच्या घशात दुर्बीण घालून पाहिलेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. आपण 'ॲसिडमुळे झालेलं' म्हणून ज्या खुणा दाखवतो, त्यांपैकी एखादी तरी खूण त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांत सापडली. ही सगळी ठणठणीत माणसं होती. त्यांना कोणी विचारलंच नसतं तर आपल्या घशात काही 'निघालं' हे त्यांना कधी कळलंही नसतं.

तरी तुला वाटेल, अनुभवी नजरेला फरक कळत असेलच. मलाही तसंच वाटायचं. एकदा एका सहकाऱ्याने मला चाळीस चित्रफिती गुण द्यायला दिल्या. त्यात काही फिती त्याने मुद्दाम दोनदा घातल्या होत्या, हे मला नंतर कळलं. एका फितीत मागच्या बाजूच्या सुजेला मी सकाळी 'बरीच' म्हटलं होतं आणि त्याच फितीला दुपारी 'किरकोळ'. घसा तोच होता, दुर्बीणही तीच, डोळे माझेच. वर आणखी गंमत म्हणजे ज्या फितींवर त्याने 'छातीत जळजळ' अशी चिठ्ठी लावली होती, त्या सगळ्या मला जरा जास्तच लाल दिसल्या होत्या. त्या दिवसापासून रुग्णाचा इतिहास माहीत असताना मी संशोधनासाठी गुण देत नाही. तूही देऊ नकोस. गुण देणारे दोघं ठेव आणि दोघांनाही काही सांगू नकोस.

याहून मोठी अडचण म्हणजे तुझ्या आराखड्यात दुसरा गटच नाही. ब्रिटनमधली टॉपिट्स नावाची चाचणी शोधून काढ, 2021 साली प्रसिद्ध झाली. घशाच्या चिवट तक्रारी असलेले 346 रुग्ण होते. अर्ध्यांना लॅन्सोप्रॅझोल हे आम्ल कमी करणारं औषध दिवसातून दोनदा, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी, सोळा आठवडे. रुग्णांनी स्वतः भरायच्या नऊ प्रश्नांच्या तक्त्यावर तक्रारी मोजल्या, त्यात जास्तीत जास्त गुण 45. औषधाच्या गटाची सरासरी 22.0 वरून 17.4 वर आली. हे एवढंच वाचून थांबलीस तर पेढे वाटावेसे वाटतील. पण पोकळ गोळीच्या गटाची सरासरी 21.7 वरून 15.6 वर आली होती. म्हणजे बरं सगळ्यांनाच वाटलं, आणि औषधामुळे त्याहून जास्त काही पदरात पडलं नाही. तुझ्या अभ्यासात फक्त पहिला गट असता, तर तू प्रामाणिकपणे, मनापासून, चुकीचा निष्कर्ष काढला असतास.

म्हणून आम्ल घशाला कधीच बाधत नाही असं मी म्हणत नाही. बाधत असणार, काहींना. पण कोणाला, हे लालीवरून कळत नाही. अन्ननलिकेत किमान मोजायला काही आधार आहे: नळीतला पीएच दिवसभरात 6 टक्क्यांहून अधिक वेळ 4 च्या खाली राहिला तर आम्ल वर येतंय असं ठामपणे म्हणता येतं. घशासाठी अशी सगळ्यांना मान्य असलेली रेषा नाही. तुला खरंच या प्रश्नात शिरायचं असेल तर आधी मोजमाप कर, औषध नंतर. नुसतं 'औषधाने बरं वाटलं, म्हणजे ॲसिडच होतं' हा ठोकताळा आपल्या क्षेत्रात फार वर्षं फुकट जेवतोय.

डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावताना मोठमोठे घसरले आहेत, तेव्हा यात लाज नाही. ब्रिटिश शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांचंच घे. 1950 साली त्यांनी लिहिलं की छातीतल्या ज्या नळीला जठरासारखं अस्तर आहे ती अन्ननलिका नव्हेच, ते वर ओढलं गेलेलं जठर आहे. निरीक्षण बरोबर, अर्थ चुकला. 1953 मध्ये ॲलिसन आणि जॉन्स्टन यांनी ती अन्ननलिकाच असल्याचं दाखवलं, आणि 1957 मध्ये बॅरेट यांनी ते मान्य केलं. आज त्या आजाराला नाव बॅरेटचंच आहे. मला या गोष्टीत नावापेक्षा 1957 हे साल जास्त आवडतं.

आता स्ट्रोबोस्कोपबद्दल, म्हणजे लुकलुकत्या दिव्यात स्वरतंतू दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, कारण तू 'स्वरतंतूंची संथ गतीतली हालचाल नोंदवू' असं लिहिलं आहेस. ती संथ गती नसते, तो भास असतो. बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषाचे शंभर-सव्वाशे वेळा. दिव्याची लुकलुक त्या गतीपेक्षा किंचित वेगळी ठेवली की प्रत्येक लुकलुक पुढच्या कुठल्यातरी आवर्तनातला जरासा पुढचा क्षण पकडते, आणि हे तुकडे जोडून पडद्यावर एक डौलदार लाट दिसते. लाट सुंदर दिसते, पण ती गोधडी आहे, वेगवेगळ्या आवर्तनांच्या चिंध्यांची. आवाज नियमित असेल तर गोधडी जुळते. आवाज घोगरा, फाटका, अनियमित झाला की यंत्राला ताल सापडत नाही आणि पडद्यावर नुसती थरथर दिसते. गोम अशी की सगळ्यांत खराब आवाजाच्या रुग्णांच्याच फिती वाचता येत नाहीत. 'न वाचता येणाऱ्या फिती वगळल्या' असं एक वाक्य तू पद्धतीच्या भागात सहज लिहून जाशील, आणि ज्यांच्यासाठी अभ्यास करायचा तेच त्यातून गळतील. किती वगळल्या, त्यांचे आवाज कसे होते, हे लिहायचंच. सेकंदाला काही हजार चित्रं घेणारा वेगवान कॅमेरा मिळाला तर उत्तमच.

आणि काही आजार दुर्बिणीत दिसतच नाहीत. स्पॅस्मोडिक डिस्फोनियात आवाज मधेच आवळला जातो, तुटतो. पण तोच माणूस हसताना, कुजबुजताना, कधी गाताना ठीक असतो. शांत असताना स्वरयंत्र अगदी सरळ दिसतं. 1871 मध्ये जर्मन डॉक्टर ट्राउबे यांनी वर्णन केल्यापासून जवळजवळ शंभर वर्षं या लोकांना 'मनाचं आहे' म्हणून परत पाठवलं गेलं. मग 1980 च्या दशकात आवळलेला स्नायू सैल करणारी बोटुलिनम विषाची सुई आली. तिने आजार जात नाही, काही महिन्यांनी पुन्हा टोचावी लागते. पण ती देऊन बोलता आलेल्या माणसाला 'मनाचं आहे' हे पुन्हा सांगून बघ.

ढेकरेचं तर मला अजूनही नवल वाटतं. जन्मात कधी ढेकर न आलेली माणसं असतात. छाती भरून येते, पोट फुगतं, गळ्यातून बेडूक डरावल्यासारखे आवाज येतात आणि चारचौघांत बसणं नको होतं. अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी असलेला स्नायू घास खाली जाताना व्यवस्थित सैल पडतो, हवा वर येताना मात्र पडत नाही. एकेका रुग्णाची नोंद पूर्वी झाली होती, पण अमेरिकेतल्या रॉबर्ट बास्टियन यांनी 51 रुग्ण एकत्र मांडले ते 2019 मध्ये. निदान कशावरून केलं? रुग्णाच्या बोलण्यावरून. त्या माणसांनी आधी कितीतरी डॉक्टरांना तेच सांगितलं असणार. बरेचसे हसले असतील. उपाय म्हणजे तीच बोटुलिनमची सुई, या स्नायूत. तिचा असर काही महिन्यांत ओसरतो, तरी पुष्कळांना त्यानंतरही ढेकर येत राहते. का येत राहते, हा प्रश्न तुझ्या लालीपेक्षा मला कितीतरी रसाळ वाटतो. घे वाटल्यास.

बाकी किरकोळ. संख्याशास्त्रज्ञाला पहिला रुग्ण घेण्याआधी भेट, शेवटचा घेतल्यावर नव्हे. पोटाच्या आणि नाक-कान-घशाच्या विभागांचं आपापसात फारसं बोलणं नसतं, आणि रुग्ण दोन्हीकडे खेटे घालतो. दोन्हीकडचा एकेक माणूस सोबत घे. मॅनोमेट्री, म्हणजे नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजणं, करणार असशील तर नळी आधी स्वतःच्या नाकातून घालून घे. मी घातली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, आणि 'आता पाच मिलिलिटर पाणी एका घोटात, पुन्हा गिळू नका' ही सूचना ऐकताक्षणीच दुसरा आवंढा गिळला जातो. दहा घोटांत माझे तीन वाया गेले. तेव्हापासून रुग्णाने सूचना पाळली नाही म्हणून मी चिडत नाही, दोन घोटांमध्ये थोडा जास्त वेळ देतो. रंगीत आलेखही स्वच्छ येतात त्याने.

आता काम. आराखडा बाजूला ठेव. पुढच्या दोन आठवड्यांत वीस रुग्णांना दुर्बीण लावण्याआधी एकच विचार: 'काय होतंय?' आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. 'घास छातीत अडकतो' आणि 'घशात गोळा आहे, पण जेवताना जाणवत नाही' या दोन वाक्यांचे रस्ते पूर्णपणे वेगळे आहेत. 'गिळायला त्रास' असं लिहिलंस की दोन्ही एकाच रकान्यात पडतात. पहिलं वाक्य कोणी म्हणालं तर संशोधन राहू दे, त्याला त्याच आठवड्यात अन्ननलिकेच्या दुर्बिणीसाठी पाठव.

वीस झाले की वही घेऊन ये. टाईप करू नकोस, खाडाखोडीसकट आण.

तुझा,
सर