त्सुनामी बेटावर पहिल्यांदा जाताना

मालवणजवळच्या देवबागमधील त्सुनामी बेटावर दिवसभरासाठी जाण्याचा आपला बेत उत्तम आहे. मात्र होडी ठरवण्याआधी त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा अवश्य विचाराव्यात. हे बेट म्हणजे कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा असून भरतीला त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे मागच्या आठवड्यात जाऊन आलेल्या मित्राचे वेळापत्रक आपल्या कामाचे नसते.

नवख्यांची सर्वांत धोक्याची चूक म्हणजे ओहोटी लागल्यावरही पोहत राहणे. तेव्हा खाडीचे पाणी समुद्राकडे ओढ घेऊ लागते आणि गुडघाभर पाण्यात उभे असतानाही टाचांखालची वाळू सरकत असल्याचे जाणवते. असे जाणवताक्षणी बाहेर यावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ अधिक असते. तांडेल (होडी चालवणारा मुख्य नाविक) दाखवील त्याच जागी पोहावे, त्याच्याशी वाद घालू नये. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट होडीत बसतानाच घालावे आणि त्याचे सर्व पट्टे आवळावेत.

बाकी तयारी थोडकी आहे:

- सकाळी हलकी न्याहारी करावी. उपाशीपोटी होडी अधिक लागते.
- भरपूर पिण्याचे पाणी, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घ्यावा.
- खडकांवरची कालवे तळपाय कापतात, म्हणून पट्ट्यांच्या चपला घालाव्यात.

दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून निघण्याची वेळ तांडेलाशी सकाळीच ठरवावी. स्नॉर्केलिंगचा (नळीतून श्वास घेत पाण्याखालचे पाहत पोहण्याचा) विचार पुढच्या खेपेला करू.